शाई आणि पेन्सिल

सारेमा बेटाभोवतीचा समुद्र गोठला त्या वर्षी
तालिनहून एक माणूस आला बर्फावरच्या रस्त्याने,
मागच्या सीटवर प्रोजेक्टर, मांडीवर फाइल.
कॉम्रेड एंदेल तोमसार. विषय: देव नाही, याचे पुरावे.
स्थळ: क्लबघर. पाळकांनी अवश्य यावे.
‘अवश्य’खाली रेघ होती.

वडिलांची एक वही होती.
डाव्या पानावर लोकांचे आक्षेप, शाईने,
बक्षीस मिळेल अशा अक्षरात.
उजवीकडे स्वतःची उत्तरं, पेन्सिलीने.
उलटं का नाही, मी विचारलं होतं.
म्हणाले, प्रश्न त्यांचे आहेत.
दुसऱ्याची वस्तू घरी आणली
की तिला ओरखडा पडू द्यायचा नसतो.

आठवडाभर रात्रीच्या जेवणानंतर
मी तोमसार व्हायचे.
तेरा वर्षांची, स्टुलावर उभी, आईचा चष्मा लावून.
“सोडू नकोस मला,” ते म्हणत, “दया नको.”
कबर रिकामी होती, तर प्रेत कुणी नेलं?
पहिल्यांदा पाहिलं बायकांनी,
आणि बायकांच्या साक्षीला तेव्हा किंमत किती?
“म्हणून तर! खोटं रचणारा
असे साक्षीदार उभे करत नाही.”
मग स्वतःच पुढे वाकून, हळू:
“पण एवढ्याने काय सिद्ध झालं? विचार ना.
तिथे मी कच्चा आहे.”

क्लबघरात चंद्राचे फोटो दाखवले,
तिथेही कुणी भेटलं नाही म्हणून हशा झाला.
वडील उठले. नीट बोलले.
जाळी विणणारा यूरी मागच्या बाकावर मान हलवत होता.
मग तोमसारने प्रोजेक्टर बंद केला.
“तुमचा मुलगा बुडाला. त्या रात्री प्रार्थना केली होतीत?”
“हो.”
“मग?”
पंख्याची घरघर थांबेपर्यंत वडील उभे राहिले.
“त्या प्रश्नासमोर,” ते म्हणाले,
“माझं पान कोरं आहे.”
आणि बसले.

टाळ्या वाजल्या. मला उत्तर येत होतं,
पाठ होतं मला, तीन मुद्द्यांत.
घरी येईपर्यंत मी त्यांचा हात धरला नाही.
त्याबद्दल मी अजून पुरती नमलेले नाही.

सकाळी ते चर्चसमोरचा बर्फ काढत होते.
येणार तेच अकरा जण, मी म्हटलं.
“दार लोटणं माझ्याकडे नाही,” फावडं न थांबवता,
“कुणी आलंच तर बर्फामुळे परत जायला नको.”
वादळाने अडकलेला तोमसार
चुनखडीच्या भिंतीशी सिगारेट ओढत उभा होता.
वडील त्याच्याकडे गेले. तो बोलला बराच वेळ.
वडील फावड्यावर टेकून नुसते ऐकत राहिले.
मला काही ऐकू आलं नाही.

परवा तार्तूहून एक विद्यार्थिनी आली होती,
केर्टू नाव, विश्वासाच्या समर्थनावर प्रबंध लिहिते.
तिच्यासाठी वही काढली, साठ वर्षांनी.
शाई ठणठणीत. पेन्सिल धुक्यासारखी.
शेवटून दुसऱ्या पानावर, डावीकडे:
‘आई मरताना गात होती. मी तिला गप्प केलं.
आता चाल आठवते, शब्द आठवत नाहीत.
याला तुम्ही काय म्हणाल?’
उजवीकडे, जेमतेम दिसेल असं:
‘शब्द लिहून पाठवले. चौदा फेब्रुवारी.’

“हा युक्तिवाद कुठल्या प्रकारात धरायचा?” केर्टूने विचारलं.
मी चहा ठेवायला उठले.

तिने पान उलटलं.
त्या रात्री प्रार्थना केली होतीत?
तेच वळणदार अक्षर, एक मात्रा चुकलेली नाही.
समोर वडील म्हणाले होते तसं कोरं पान नव्हतं.
लिहून, खोडून, पुन्हा लिहून, खोडून
तिथे कागदाला भोक पडलं होतं.
केर्टूचं बोट त्यातून आरपार गेलं.